पवनचक्क्यांखालच्या सहा पहाटा

वारं पडलं की आमच्या घरी चूल पेटायची नाही. हे शोभेसाठी लिहीत नाही, तसंच होतं. आमचं गाव सिल्लोड तालुक्यात. वडील लवकर गेले. आई लोकांच्या खळ्यावर उपणायला जायची. तिवईवर उभं राहायचं, भरलेलं सूप डोक्यावर धरायचं आणि धान्य हळूहळू खाली सोडायचं. दाणा पायाशी पडतो, भुसा वाऱ्यानं बाजूला जातो. मजुरी म्हणून ढिगाच्या बुडाशी राहिलेलं मातेरं मिळायचं, म्हणजे माती आणि खडे मिसळलेलं धान्य. ते घरी आणून आम्ही निवडायचो, धुवायचो, वाळवायचो. पण वारं नसेल तर उपणणी नाही, आणि उपणणी नाही तर मातेरंही नाही. कितीतरी दिवस आई तिवईवर नुसती बसून राहिलेली मी पाहिली आहे. मधूनच चिमूटभर भुसा हवेत सोडून बघायची. सरळ खाली पडला की पुन्हा बसायची.

पुढं मळणीयंत्रं आली आणि तेही काम गेलं. आई कापूस वेचायला जाऊ लागली. मी गावातल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर अभ्यास केला, शहरात आले, वसतिगृहात राहिले आणि भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केली. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी सांगते, लपवत नाही.

आता मी एका संशोधन प्रकल्पात काम करते. विषय सोपा करून सांगते. पवनचक्क्या उभ्या राहिल्या की त्यांच्या आसपासच्या, जमिनीलगतच्या हवेत काही फरक पडतो का? हिवाळ्यात पहाटे जमिनीला चिकटलेली हवा सगळ्यांत गार असते आणि वरची थोडी उबदार. पवनचक्कीची पाती ताकातल्या रवीसारखी ही हवा घुसळतात, वरची ऊब खाली आणतात, असा कयास आहे. तो तपासायचा तर यंत्र बांधलेला फुगा सोडून चालत नाही, पात्यांत जाईल. एका जागी खांब रोवूनही भागत नाही, कारण वारं एका जागेचं नसतं. म्हणून आमची यंत्रं गाडीवर आहेत. एक पिकअप, तिच्या पुढच्या बाजूला लोखंडी खांब, खांबावर दोन उंचींवर तापमापक आणि टोकाला वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या गरगर फिरणाऱ्या वाट्या.

पठारावरच्या खेपेला निघायच्या आदल्या दिवशी प्रकल्पाचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, "अश्विनी, या खेपेला स्वच्छ काही हाती आलं, तर परिषदेत तू मांडायचंस. निबंधावर पहिलं नाव तुझं."

मी त्याच संध्याकाळी आईला फोन करून सांगून टाकलं. हे माझं चुकलंच.

पठारावर

बीडच्या पुढं घाट चढून आलं की बालाघाटाचं पठार लागतं. काळी-तांबडी उथळ जमीन, मधूनमधून दगडांचे बांध, आणि त्यावर या पवनचक्क्या. लांबून त्या खेळण्यातल्या वाटतात. खाली उभं राहिलं की मान दुखते. आवाजही रस्त्यावरून वाटतो तसा नाही. कुणीतरी मोठी सतरंजी सावकाश झटकतंय असा एक आवाज, मग थोडं थांबून पुन्हा तोच.

आमची सोय गावातल्या शाळेच्या एका खोलीत आणि समाजमंदिरात होती. गावाचं नाव लिहीत नाही, लोकांना उगाच त्रास नको. गाडी उभी राहताच माणसं जमली. तापमापकाला ऊन लागू नये म्हणून त्यावर पांढऱ्या बश्या एकावर एक रचलेल्या असतात. त्या बघून एकजण म्हणाला, "ही इडल्यांची भांडी कशाला टांगली?" दुसरा म्हणाला, "शहरातली मान्सं हायेत, वाफंवर चालती गाडी." सगळे हसले. मीही हसले, कारण सलग चार खेपा मी त्या बश्या पुसल्या आहेत आणि मला ते कधी सुचलं नव्हतं.

आमचे चालक सलीमभाई हर्सूलचे. आयुष्यभर मालाचा ट्रक चालवलेला माणूस. त्यांना आम्ही एका वाटेवरून, ताशी दहाच्या वेगानं, एकसारखी गाडी चालवायला लावतो. शिवाय कडक नियम आहे: फेरी सुरू झाली की संपेपर्यंत थांबायचं नाही. गाडी थांबली की इंजिनाची ऊब तापमापकाकडं येते आणि नोंद बिघडते.

"मॅडम, मैयत भी इससे तेज जाती," सलीमभाई म्हणाले.

"मयताला घाई असते, सलीमभाई. आपल्याला नाही."

"हौ. पन मयत को रास्ते में कोई सलाम करे तो रुकते. तुम तो रुकने बी नै देते."

तेव्हा हे वाक्य मी हसण्यावारी नेलं.

त्या संध्याकाळी वाट बघून घ्यायला मी पायी निघाले. पवनचक्क्यांच्या पूर्वेला वरची वाट, पश्चिमेला खालची. या दिवसांत वारं पूर्वेचं. म्हणजे पात्यांनी घुसळलेली हवा खालच्या वाटेवर येणार. खालच्या वाटेला लागून हरभऱ्याचं एक छोटं शेत होतं आणि त्यात एक म्हातारी बाई पिकावर पांढरं फडकं अंथरत होती. चार कोपऱ्यांवर चार दगड.

"मावशी, हे काय करता?"

"आंब धरती." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "तू त्या इडल्याच्या गाडीवाली ना? कुनाची गं तू?"

हा प्रश्न मला लहानपणापासून माहीत आहे. त्याचं उत्तर मी आता एकच देते. "सिल्लोडकडची. आई लोकांच्या खळ्यावर उपणायची."

तिनं जवळ सरकून फडक्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

नाव गयाबाई. एकटीच राहते, मुलगी लग्न होऊन परभणीकडं. हरभऱ्याच्या पानांवर रात्री दव पडतं, पानातला आंबटपणा त्या दवात उतरतो. रात्रभर फडकं अंथरून पहाटे ते पिळायचं, बाटलीत धरायचं. पोटदुखीवर औषध. आमच्याकडंही पूर्वी करायचे, पण आई सोडून कुणाला ते करताना मी पाहिलं नव्हतं.

"पयलं एका फडक्याला तांब्या भरायचा," गयाबाई म्हणाली. "हे पंखे आल्यापून दव पडंना. आता फडकं नुसतं दमट व्हतं. हरभरा तर दवावरच येतो ना माय? म्या सांगितलं समद्यांला. कोन ऐकतंय म्हातारीचं. तुझी गाडी सांगंल का?"

"गाडी जे असेल ते सांगेल."

"मंग सकाळच्याला ये. च्या पाजते."

"येऊ की," मी म्हणाले.

आपण सगळेच म्हणतो तसं म्हणाले. शहरात 'येऊ की' म्हणजे 'बरंय, निघते.'

पहिल्या तीन पहाटा

साडेपाचला निघायचं, उजाडायच्या आत फेरी पुरी करायची. थंडी अशी की लॅपटॉपच्या कळा बोटांना लागत नव्हत्या. सर वरच्या अंगाला एका जागी रोवलेल्या खांबापाशी थांबत, मी आणि सलीमभाई गाडीत. वरची वाट, मग वळसा घालून खालची, शेवटी शाळा.

पहिल्याच दिवशी आलेखात उंचवटा आला. वरच्या वाटेवर रेघ सपाट, खालच्या वाटेवर एका ठिकाणी चढलेली. दुसऱ्या पहाटे त्याच ठिकाणी तोच उंचवटा. तिसऱ्या पहाटे पुन्हा. ठिकाण बघितलं तर मधल्या पवनचक्कीच्या बरोबर खालच्या अंगाला. पुस्तकात दाखवावं तसं.

सरांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं. "तीन दिवस एकाच जागी? छान आहे. फारच छान आहे." सर सहसा 'छान' म्हणत नाहीत.

त्या दुपारी आम्हाला गावातल्या एका घरी जेवण होतं. बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, आणि हरभऱ्याचा कोवळा पाला, कांदा, तिखट-मीठ, वर कच्चं तेल असा घोळाणा. आमच्याकडं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असते, शेंगोळे एवढे झणझणीत नसतात. सरांना ठसका लागला. घरच्या बाईनं गुळाचा खडा पुढं केला आणि तोंड फिरवून हसून घेतलं. मी चौथा शेंगोळा घेतला तेव्हा सलीमभाई म्हणाले, "मॅडम आज खुश हैं." होतेच मी खूश.

जेवण झाल्यावर वाटलं, उंचवटा येतो ती जागा दिवसाउजेडी बघून यावी. निबंधात जमिनीचं वर्णन लागतं, उतार किती, पीक कुठलं. टिपणवही घेऊन मी खालच्या वाटेनं गेले. फोनवर जागेचा बिंदू लावला होता. बिंदू जिथं थांबला तिथं गयाबाईचं शेत.

वाटेच्या कडेला, गाडीच्या चाकोरीपासून चार पावलांवर, तीन दगड मांडलेले. मध्ये राख. राखेत हात धरला तर अजून कोमट. शेजारी काळं पडलेलं पातेलं पालथं घातलेलं.

गयाबाई बांधावर खुरपं घेऊन बसली होती. माझ्याकडं बघून पुन्हा खाली बघायला लागली.

"मावशी, ही चूल कुणाची?"

"माझीच. कुनाची असंल?"

"रोज पेटवता?"

"तीन दिस झाले पेटवती." खुरपं थांबलं. "तूच म्हनली ना येऊ म्हून? घर लांब पडंल तुमाला, म्हून रस्त्यावर मांडली. गाडी दिसली का आधन ठिवती. तुमी येता, हात दावता, जाता. म्या पातेलं घेऊन उभी." मग अगदी साधेपणानं म्हणाली, "असू द्या. शिकलेल्या मान्सांला आमच्या हातचा चालत नसंल."

हे वाक्य आजवर मी फक्त आमच्या घरात ऐकलं होतं. आमच्याकडून. दुसऱ्याच्या तोंडून, माझ्याबद्दल, पहिल्यांदा ऐकलं.

अंधारात पांघरूण घेतलेलं एक माणूस शेकत बसलेलं मला रोज दिसायचं. हिवाळ्यात वाटेवर माणसं शेकतातच. मी हात हलवायची. फेरीच्या नोंदवहीत लिहिलंही नव्हतं.

"तसं नाही हो मावशी," मी म्हणाले. "आमच्या गाडीला मध्ये थांबता येत नाही. थांबली की यंत्र बिघडतं. मी सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

"थांबता येत नाय?" तिनं मान वर केली. "मंग येऊ कशाला म्हनली?"



शाळेची खोली

खोलीवर येऊन मी मूळ नोंदी उघडल्या. आलेख काढताना मी बऱ्याच सेकंदांची सरासरी घेतली होती, रेघ गुळगुळीत दिसावी म्हणून. सेकंदासेकंदाचे आकडे लावले आणि उंचवटा मोडला. त्याच्या जागी सुईसारखं एक उभं टोक निघालं. पवनचक्कीची ऊब असती तर रेघ लांबवर सावकाश चढून सावकाश उतरली असती. ही ऊब चार पावलांची होती. तीन दगड, दोन-चार तुरकाट्या आणि तीन कप चहा.

सर बाहेर व्हरांड्यात होते. मी त्यांच्याकडं गेले आणि सांगितलं. चूल, चहा, 'येऊ की', सरासरी, सगळं.

सर म्हणाले, "आलेखात चूल दिसत नाही, अश्विनी. तू बोलली नसतीस तर मला कळलं नसतं."

"मला कळलं असतं."

"हं." मग म्हणाले, "तीन दिवस गेले. दोनच उरलेत. एक वाढवून घेऊ, तीन होतील. त्यात काही आलं नाही तर परिषदेत मांडायला काही नाही, हे लक्षात आहे ना?"

"आहे."

आईला फोन केला. तिला आलेख वगैरे सांगून उपयोग नव्हता. म्हणाले, "आई, इथं काहीतरी सापडलं असं वाटलं होतं, ते चुकीचं निघालं. एका बाईच्या चुलीची ऊब होती ती."

"बरं मग?"

"मग काय, नाव येईल का नाही माहीत नाही."

"उपनताना वारं उलटं फिरलं तर भुसा परत दान्यात पडायचा," आई म्हणाली. "तू बघितलं नाय का? मंग समदं परत सुपात घ्यायचं. त्यात रडायसारखं काय हाय?" आणि विचारलं, "त्या बाईचा च्या पिली का?"

नंतरच्या तीन पहाटा

संध्याकाळी पुन्हा गयाबाईकडं गेले. सलीमभाईही आले. मी सांगितलं, उद्यापासून तीन पहाटा चूल पेटवू नका.

"का?"

"तुमच्या चुलीची ऊब यंत्रात येते. ती पंख्याची म्हणून लिहिली जाईल."

ती हुशार बाई. लगेच कळलं तिला. "म्हंजे चूल असली तर माझं म्हननं खरं ठरतंय. आन नसली तर खोटं पडंल?"

"पडू शकतं."

"आन तू तसंच लिव्हनार?"

"खोटं पडलं तर पडलं म्हणून सांगायला मीच येईन. खरं निघालं तर तेही सांगेन."

गयाबाईनं सलीमभाईंकडं बघितलं. "ही अशीच बोलती का?"

"हौ अम्मा. गाडी में बी ऐसाच."

"लई सरळ हाय. लगीन व्हायाला जड जाईल." तिथंच तिनं तीन दगड पायानं उधळून दिले.

मग मी तिच्याकडं एक मागणं केलं. आंब धरायच्या फडक्याचे दोन सारखे तुकडे करायचे. एक तिच्या शेतात, एक वरच्या वाटेला तिच्या भावकीतल्या शेतात. पहाटे दोन्ही वेगवेगळे किराणा दुकानातल्या काट्यावर तोलायचे आणि मगच पिळायचे. सरांना हे सांगितलं तेव्हा ते आधी हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "तुकडे मोजून काप."

चौथ्या पहाटे खालच्या वाटेवर आलो तर अंधारात गयाबाई उभी. चूल नाही, नुसती घोंगडी. ती यंत्राकडं बघत होती, आम्ही तिच्याकडं. कुणी हात हलवला नाही. सलीमभाईंनी आदबीनं मान तेवढी खाली केली.

फेरी संपली, यंत्रं बंद केली, आणि त्याच पावली आम्ही तिघं तिच्या घरी गेलो. सरसुद्धा. गुळाचा चहा, दूध शेळीचं. चौघांसाठी कप चारच, सगळे सारखे, स्टीलचे. मी कप बघितले. आम्ही बघतोच. तीही माझ्या हाताकडं बघत होती, घोट कधी घेते म्हणून. दोघींच्याही ते लक्षात आलं आणि दोघी दुसरीकडं बघायला लागलो. चहा फार गोड होता. दुसरा कप मी मागून घेतला.

त्या दिवशीचा आलेख लावला. सुई गेली होती. उंचवटाही गेला होता. रेघ आधी मला सपाटच वाटली. मग सर म्हणाले, "लांबून बघ." लांबून बघितलं तर खालच्या वाटेवर, पवनचक्क्यांच्या रांगेच्या सबंध लांबीत, रेघ किंचित वर होती. किंचितच. पण सगळीकडं.

पाचव्या पहाटे विजेच्या लाइनचं काम निघालं आणि पाती थांबलेली होती. वारं तेच, थंडी तीच, सतरंजी झटकल्याचा आवाज मात्र नाही. त्या दिवशी दोन्ही वाटांवरची रेघ सारखी आली. सहाव्या पहाटे पाती फिरू लागली आणि खालची रेघ पुन्हा किंचित वर.

फडक्यांचं म्हणाल तर पाती फिरत होती त्या दोन्ही दिवशी गयाबाईच्या शेतातलं फडकं हलकं भरलं. पाती थांबली त्या दिवशीही ते थोडं हलकंच होतं. तिचं शेत उताराचं आहे, वरच्या वाटेचं खोलगट, तिथं गार हवा साचते. म्हणून यावरून काही म्हणता येत नाही. तसंच मी तिला सांगितलं.

"म्हंजे अर्धं खरं," गयाबाई म्हणाली.

"अर्धंच मोजून झालंय, मावशी. ऊब आहे, थोडी आहे, पंख्याचीच आहे. दवाचं एका हिवाळ्यात कळायचं नाही."

"मंग फुडच्या हिवाळ्यात फडकी म्याच धरती. वजन लिवून ठिवायला दुकानदाराला सांगते." असं म्हणून तिनं आंबेची एक छोटी बाटली माझ्या हातात दिली. "तुझ्या आईला दे. उपनून उपनून पोट दुखत असंल तिचं."

परतीच्या वाटेवर सलीमभाईंनी गाडी इतकी पळवली की सरांना दोनदा सांगावं लागलं. ती बाटली मी मांडीवर धरून शहरात आणली आणि त्याच आठवड्यात गावी जाऊन आईला दिली. आईनं बूच काढून वास घेतला, बोटावर एक थेंब घेऊन चाखला आणि म्हणाली, "खरी हाय."

नंतर परिषदेत मी उभी राहिले आणि पंधरा मिनिटं बोलले. प्रश्न विचारले गेले, उत्तरं दिली. निबंध छापून आला. त्यात मोजणीच्या पद्धतीखाली एक वाक्य आहे: पहिल्या तीन पहाटांच्या नोंदी मार्गालगतच्या चुलीमुळे वगळल्या आहेत. ते वाक्य मी लिहिलं. निबंधावर पहिलं नाव माझं आहे. आमच्या घरातलं छापून आलेलं ते पहिलं नाव.